हिपॅटायटिस: कावीळ उतरली तरी प्रश्न संपत नाही

डोळे पिवळे दिसले की आपण त्याला कावीळ म्हणतो. पथ्य सुरू होतं, कुणी ना कुणी औषध सुचवतं, तीन-चार आठवड्यांत पिवळेपणा उतरतो आणि विषय मिटतो. तो तिथे मिटू देऊ नये, यासाठी हा लेख आहे. कावीळ हे लक्षण आहे. यकृताला सूज आली, म्हणजेच हिपॅटायटिस झाला, तर ती सूज कशामुळे आली हे डोळ्यांच्या रंगावरून कळत नाही. त्याच पिवळेपणामागे आपोआप बरा होणारा ‘ए’ असू शकतो, गरोदर बाईच्या जिवावर उठणारा ‘ई’ असू शकतो, किंवा शरीरात वर्षानुवर्षं ठाण मांडून बसणारा ‘बी’ असू शकतो.

उलट बाजू जास्त गंभीर आहे. ‘बी’ आणि ‘सी’ अंगात असलेल्या बहुतेकांचे डोळे कधी पिवळे होतच नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२२ मध्ये जगात २५ कोटी ४० लाख लोकांना दीर्घकालीन ‘बी’ आणि ५ कोटी लोकांना ‘सी’ होता. ‘बी’ असलेल्या दर शंभरांपैकी जेमतेम तेरा जणांना तो असल्याचं निदान झालं होतं. त्या एका वर्षात विषाणूजन्य हिपॅटायटिसने सुमारे १३ लाख माणसं गेली, बहुतेक यकृताच्या सिरॉसिसने (यकृत व्रणांनी भरून कडक होणं) आणि कर्करोगाने. यातले बरेच मृत्यू एका रक्ततपासणीने टळू शकले असते, म्हणून हे सगळं तपशिलात सांगावंसं वाटतं.

पहिली गोष्ट: घाई कधी करायची

सुरुवातीची लक्षणं फसवी असतात. बारीक ताप, मळमळ, जेवणाच्या वासानेही नकोसं होणं, अंग गळून जाणं, उजव्या बरगडीखाली जड वाटणं. लोक याला अपचन समजतात. दोन-चार दिवसांनी लघवी कोऱ्या चहासारखी गडद होते आणि मग डोळे पिवळे दिसतात. यकृतात तयार झालेलं पित्त आतड्यात नीट उतरत नाही, बिलिरुबिन हे पित्तातलं पिवळं द्रव्य रक्तात साठतं आणि मूत्रपिंडं ते बाहेर टाकतात, म्हणून लघवीचा रंग आधी बदलतो. आतड्यात पित्त कमी पोहोचलं की शौचाचा रंग फिका पडतो. अंगाला खाजही सुटू शकते.

एवढं दिसलं तर एक-दोन दिवसांत डॉक्टरांकडे जावं. पण पुढचं काही दिसलं तर सकाळची वाट पाहू नका, थेट मोठ्या रुग्णालयात न्या: रुग्ण असंबद्ध बोलतोय, नेहमीच्या माणसांना ओळखायला गडबडतोय, दिवसा झोपतोय आणि रात्रभर जागा आहे, हात पसरले की पंजे फडफडतात, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त येतंय, रक्ताची उलटी किंवा डांबरी काळी शौच होतेय, पोटात पाणीसुद्धा ठरत नाही, लघवी खूप कमी झाली आहे. यकृत निकामी होऊ लागल्याची ही चिन्हं आहेत. अशा वेळी रुग्ण रात्री तळमळतोय म्हणून त्याला झोपेची गोळी मुळीच देऊ नका. तळमळ हेच मेंदूवर परिणाम झाल्याचं लक्षण असू शकतं, आणि गोळीने ते झाकलं जातं, शिवाय वाढतंही.

गरोदर बाईला कावीळ दिसली तर बाकी काही लक्षण नसलं तरी त्याच दिवशी दाखवा. गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत ‘ई’ झाला तर शंभरातल्या वीस-पंचवीस स्त्रियांचा मृत्यू होऊ शकतो. इतर निरोगी माणसांत हेच प्रमाण साधारण एक टक्क्याच्या आसपास असतं.

दुसरी गोष्ट: कारण शोधणं

विषाणू पाच, पण त्यांचे दोन गट लक्षात ठेवले की निम्मं काम होतं.

‘ए’ आणि ‘ई’ तोंडावाटे येतात. रुग्णाच्या शौचातला विषाणू पाण्यात, अन्नात किंवा न धुतलेल्या हातांवर पोहोचतो आणि दुसऱ्याच्या पोटात जातो. ‘ए’ची लक्षणं दिसायला सरासरी चार आठवडे लागतात, ‘ई’ला दोन ते दहा आठवडे. म्हणून ‘काल बाहेर खाल्लं आणि आज कावीळ झाली’ हा हिशेब जुळत नाही. दूषित पाणी किंवा अन्न महिनाभरापूर्वीचं असतं. दोन्ही आजार बहुतेकांत आपोआप बरे होतात आणि सहसा कायमचे राहत नाहीत. ‘ई’चा विषाणू सापडला त्यामागची हकिगत थरारक आहे. सोव्हिएत शास्त्रज्ञ मिखाईल बालायान यांनी रुग्णांच्या शौचातून तयार केलेलं द्रावण स्वतः प्यायलं, आजारी पडले, आणि स्वतःच्या शौचात विषाणूचे कण सूक्ष्मदर्शकाखाली दाखवले. त्यांचं ते संशोधन १९८३ मध्ये प्रसिद्ध झालं.

‘बी’, ‘सी’ आणि ‘डी’ रक्तातून आणि शरीरातल्या स्रावांतून पसरतात. एकच सुई अनेकांना वापरणं, नीट निर्जंतुक न केलेली उपकरणं, न तपासलेलं रक्त, असुरक्षित संभोग, टॅटू आणि कान-नाक टोचण्याच्या सुया, आणि बाळंतपणात आईकडून बाळाला. संभोगातून ‘बी’ सहज पसरतो, ‘सी’ त्या मानाने कमी. ‘डी’ स्वतंत्रपणे जगूच शकत नाही, त्याला ‘बी’चा आधार लागतो. दोन्ही एकत्र असले तर यकृत फार वेगाने खराब होतं, म्हणून ‘बी’ सापडलेल्याने ‘डी’बद्दल डॉक्टरांना जरूर विचारावं.

‘बी’च्या बाबतीत एक गोष्ट बाकी सगळ्याहून महत्त्वाची आहे: लागण कोणत्या वयात झाली. जन्माच्या वेळी लागण झालेल्या दहापैकी सुमारे नऊ बाळांत विषाणू कायमचा राहतो. धडधाकट प्रौढात हेच प्रमाण पाच टक्क्यांहून कमी आहे. बाळाची प्रतिकारशक्ती विषाणूला परका म्हणून ओळखत नाही, त्यामुळे लढाई होत नाही, कावीळही होत नाही, आणि बाळ ठणठणीत दिसतं. चाळिशीत सिरॉसिस निघतो तेव्हा त्याचं मूळ जन्माच्या दिवसात असू शकतं.

‘सी’मध्ये चित्र उलटं आहे. तो कुठल्याही वयात झाला तरी साधारण शंभरातल्या सत्तर जणांत टिकून राहतो, आणि वीस-एक वर्षांत त्यातल्या पंधरा ते तीस टक्क्यांना सिरॉसिसपर्यंत नेतो. १९८९ पर्यंत या विषाणूची ओळखच पटली नव्हती. त्याला ‘नॉन-ए, नॉन-बी’ म्हणत. रक्तपेढ्यांत त्याची तपासणी त्यानंतर सुरू झाली. ज्यांना त्याआधी रक्त दिलं गेलं होतं, त्यांनी आज काहीच त्रास नसला तरी तपासून घ्यावं.

विषाणूंखेरीजही यकृताला सूज येते, आणि डॉक्टरांना ही माहिती रुग्णानेच द्यायची असते. दारू किती आणि किती वर्षं, हे खरं सांगा. गेल्या सहा महिन्यांत घेतलेली प्रत्येक गोळी, पावडर, काढा, वजन कमी करण्याचं किंवा स्नायू वाढवण्याचं औषध सांगा, शक्य असेल तर पाकिटंच घेऊन जा. क्षयाची आयसोनियाझिड, रिफॅम्पिसिन, पायराझिनामाइड ही औषधं यकृताला त्रास देऊ शकतात. ती चालू असताना कावीळ दिसली तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. पॅरासिटामॉल ठरलेल्या मात्रेत सुरक्षित आहे, पण प्रौढाने दिवसात चार ग्रॅमच्या वर जाणं धोक्याचं. सर्दीच्या अनेक गोळ्यांतही तेच औषध असतं, त्यामुळे नकळत दुप्पट मात्रा जाते. जास्त मात्रा गेल्याचं कळलं तर लक्षणांची वाट न पाहता रुग्णालयात जा. अॅसिटिलसिस्टीन हा उतारा पहिल्या आठ तासांत दिला तर यकृत जवळजवळ नक्की वाचतं. याशिवाय स्वप्रतिरोधक हिपॅटायटिस (शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच यकृतावर उलटणं), तांब्याचा साठा होणारा विल्सनचा आजार आणि फॅटी लिव्हर ही कारणंही असतात.

तिसरी गोष्ट: तपासण्या, आणि रिपोर्ट कसा वाचायचा

रिपोर्ट हातात आला की बहुतेकांची नजर एसजीपीटीवर जाते. आकडा दोन हजार दिसला की घाबरगुंडी उडते, तो दोनशेवर आला की सुटकेचा नि:श्वास. इथे मोठी फसगत होऊ शकते. एसजीपीटी म्हणजे मेलेल्या, फुटलेल्या यकृतपेशींतून रक्तात सांडलेलं द्रव्य. ते फार वाढलं म्हणजे सूज ताजी आहे एवढंच कळतं. यकृत काम करतंय की नाही हे त्यावरून कळत नाही. ‘ए’मध्ये एसजीपीटी दोन-तीन हजार असूनही माणूस महिन्याभरात पूर्ण बरा होतो. उलट यकृतात सांडायला पेशीच उरल्या नाहीत, तरीही एसजीपीटी खाली येतो.

म्हणून तीन आकडे शेजारी शेजारी ठेवून पाहा: एसजीपीटी, बिलिरुबिन आणि पीटी-आयएनआर. रक्त गोठवणारी प्रथिनं यकृत तयार करतं, त्यामुळे आयएनआर हा यकृताच्या कामाचा थेट मोजमाप देणारा आकडा आहे. नेहमीच्या ‘लिव्हर फंक्शन टेस्ट’मध्ये तो बऱ्याचदा नसतो, वेगळा लिहून घ्यायला सांगा. समजा, सोमवारी एसजीपीटी १८००, बिलिरुबिन ८, आयएनआर १.२ होता. गुरुवारी एसजीपीटी ७००, बिलिरुबिन ९, आयएनआर १.१ आला, तर सुधारणा आहे. बिलिरुबिन नेहमी मागाहून उतरतं. पण गुरुवारी एसजीपीटी ७००, बिलिरुबिन १६ आणि आयएनआर २ आला, तर एसजीपीटी कमी झाला म्हणून आनंद मानण्याची ही वेळ नाही. त्याच दिवशी यकृत-प्रत्यारोपणाची सोय असलेल्या रुग्णालयाशी बोलायला हवं.

कारण शोधण्यासाठी वेगळ्या तपासण्या लागतात. ‘ए’ आणि ‘ई’साठी त्यांच्या आयजीएम अँटिबॉडी, म्हणजे ताज्या लागणीत शरीराने विषाणूविरुद्ध बनवलेली प्रथिनं. ‘बी’साठी पहिली तपासणी एचबीएसएजी. ती पॉझिटिव्ह आली तर विषाणू आत्ता शरीरात आहे. मग अँटि-एचबीसी आयजीएम पॉझिटिव्ह असेल तर लागण बहुधा ताजी. सहा महिन्यांनीही एचबीएसएजी पॉझिटिव्हच राहिली, तर आजार दीर्घकालीन झाला. एचबीएसएजी निगेटिव्ह आणि फक्त अँटि-एचबीएस पॉझिटिव्ह असेल तर ती लसीने मिळालेली सुरक्षा. सोबत अँटि-एचबीसीही पॉझिटिव्ह असेल तर पूर्वी लागण होऊन गेली आहे. शेवटची ओळ विसरू नका. अशा माणसाला पुढे कर्करोगाची केमोथेरपी, रिटुक्सिमॅबसारखं प्रतिकारशक्ती दाबणारं औषध किंवा मोठ्या मात्रेत स्टेरॉइड देण्याची वेळ आली, तर झोपलेला ‘बी’ पुन्हा उठू शकतो, आणि ते डॉक्टरांना आधी माहीत असायला हवं. लस घेतल्यावर पहिले दोन-तीन आठवडे एचबीएसएजी तात्पुरती पॉझिटिव्ह येऊ शकते, त्या काळात ती करू नये.

‘सी’साठी आधी अँटि-एचसीव्ही. ती पॉझिटिव्ह म्हणजे विषाणूशी कधीतरी गाठ पडली होती. विषाणू आजही आहे का, हे एचसीव्ही आरएनए या तपासणीनेच कळतं. केवळ अँटिबॉडीच्या रिपोर्टवरून माणसाला ‘सी’चा रुग्ण ठरवू नका.

चौथी गोष्ट: उपचार

‘ए’ आणि ‘ई’वर बहुतेकांना विषाणूनाशक औषध लागत नाही. शरीर स्वतःच तो विषाणू संपवतं, आपण फक्त वाट मोकळी ठेवायची. झेपेल तेवढी विश्रांती, पुरेसं पाणी, आणि भूक लागेल तसं साधं, पोटभर जेवण. भूक सहसा सकाळी बरी असते आणि दिवस कलताना मळमळ वाढते, म्हणून मुख्य जेवण सकाळी घ्यावं. आठवडेच्या आठवडे कडक पथ्य करून रुग्णाला अर्धपोटी ठेवण्याला काहीही शास्त्रीय आधार नाही. यकृताला नव्या पेशी घडवायला प्रथिनं आणि उष्मांक लागतात. तेलकटाने मळमळत असेल तर तेवढ्यापुरतं कमी करा. दारू पूर्ण बंद. आणि कळकळीची विनंती: या काळात घटक ठाऊक नसलेली झाडपाल्याची औषधं देऊ नका. ‘ए’चा रुग्ण काहीही न घेता बरा होणारच असतो, त्यामुळे श्रेय औषधाला जातं. पण ज्याचं यकृत आधीच अडचणीत आहे त्याच्यासाठी तेच औषध शेवटचा धक्का ठरू शकतं, आणि रुग्णालयात पोहोचायचा मोलाचा आठवडा निघून जातो.

‘बी’ दीर्घकालीन असला तरी प्रत्येकाला लगेच गोळी लागत नाही. रक्तातलं विषाणूचं प्रमाण, एसजीपीटी, यकृतात व्रण किती कडक झालेत, वय, घरात कुणाला यकृताचा कर्करोग होता का, हे पाहून डॉक्टर ठरवतात. सिरॉसिस असेल तर औषध हवंच. टेनोफोव्हिर किंवा एन्टेकॅव्हिर रोज एक गोळी, सहसा कित्येक वर्षं, अनेकदा आयुष्यभर. या गोळ्या विषाणूला दाबून ठेवतात, सहसा मुळासकट काढत नाहीत. म्हणूनच ‘रक्तातल्या विषाणूचा डीएनए निगेटिव्ह आला, आता बरं झालं’ असं समजून गोळी स्वतःहून थांबवणं फार धोक्याचं. विषाणू उसळून येतो आणि यकृत निकामी होण्यापर्यंत मजल जाऊ शकते. गोळी लागत नसलेल्यांनीही तपासण्या चालू ठेवायच्या. ‘बी’मध्ये सिरॉसिस नसतानाही कर्करोग होऊ शकतो, म्हणून जोखीम असलेल्यांची दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करतात.

‘सी’ची गोष्ट मात्र आनंदाची आहे. पूर्वी वर्षभर इंटरफेरॉनची इंजेक्शनं घ्यावी लागत, त्रास अतोनात व्हायचा, आणि तरीही अनेकांना गुण येत नसे. २०१३ नंतर सोफोसबुव्हिर आणि त्याच्या जोडीची औषधं आली. आज सोफोसबुव्हिर-डॅक्लाटॅसव्हिरसारख्या गोळ्या साधारण बारा आठवडे घेऊन शंभरातले पंच्याण्णवहून अधिक रुग्ण पूर्ण बरे होतात. औषध संपल्यावर बारा आठवड्यांनी आरएनए निगेटिव्ह आला की विषाणू गेला. हा विषाणू शोधण्याच्या कामासाठी हार्वी ऑल्टर, मायकेल हॉटन आणि चार्ल्स राइस यांना २०२० चं नोबेल मिळालं. उपचार सुरू करण्याआधी ‘बी’ची तपासणी झाली आहे ना, एवढं विचारा, कारण ‘सी’ जाताना लपलेला ‘बी’ डोकं वर काढू शकतो.

दारूमुळे आलेल्या सुजेवर पहिला उपचार दारू सोडणं हाच, आणि रोज पिणाऱ्याने ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली सोडावी. फॅटी लिव्हरमध्ये वजन सात ते दहा टक्के कमी केलं की सूज उतरते. स्वप्रतिरोधक प्रकारात प्रेडनिसोलोन आणि अॅझाथायोप्रिन देतात.

पाचवी गोष्ट: घरच्यांनी काय करायचं

‘ए’चा रुग्ण कावीळ दिसण्याच्या आधीचे दोन आठवडे आणि नंतरचा साधारण एक आठवडा सर्वाधिक संसर्गजन्य असतो. म्हणजे कावीळ दिसेपर्यंत घरच्यांचा संपर्क होऊन गेलेला असतो. पूर्वी लस न घेतलेल्यांनी संपर्कानंतर दोन आठवड्यांच्या आत ‘ए’ची लस घेतली तर आजार टळू शकतो. शौचानंतर आणि स्वयंपाकाआधी साबणाने हात धुणं हा खरा बचाव; अल्कोहोलचं सॅनिटायझर ‘ए’ आणि ‘ई’वर पुरेसं भरवशाचं नाही. पिण्याचं पाणी खळखळ उकळून घ्या. रुग्णाने बरं होईपर्यंत इतरांसाठी स्वयंपाक करू नये.

‘बी’ किंवा ‘सी’ निघाला तर जोडीदार, मुलं, आई आणि भावंडं या सगळ्यांची तपासणी करा. ज्यांना ‘बी’ नाही आणि प्रतिकारशक्तीही नाही, त्यांना लस द्या. रेझर, टूथब्रश, नखं कापायचं यंत्र, साखर तपासायची सुई वेगळी ठेवा. ‘बी’चा विषाणू वाळलेल्या रक्तात किमान सात दिवस जिवंत राहतो, म्हणून सांडलेलं रक्त हातमोजे घालून पुसा आणि ती जागा एक भाग ब्लीच आणि नऊ भाग पाणी अशा मिश्रणाने स्वच्छ करा. जोडीदाराचं लसीकरण पूर्ण होईपर्यंत कंडोम वापरा. वापरलेली सुई टोचली तर जखम दाबून पिळू नका. साबण-पाण्याने धुवा आणि चोवीस तासांच्या आत डॉक्टरांना गाठा. ‘बी’साठी लस आणि इम्युनोग्लोब्युलिन (तयार अँटिबॉडींचं इंजेक्शन) जितक्या लवकर मिळतील तितके उपयोगी पडतात.

एका ताटात जेवल्याने, मिठी मारल्याने, खोकल्याने, एकच स्नानगृह वापरल्याने ‘बी’ आणि ‘सी’ पसरत नाहीत. तरी माणसांची भांडी वेगळी काढली जातात, लग्नं मोडतात, नोकऱ्या जातात. या भीतीनेच लोक तपासणी टाळतात आणि आजार उशिरा सापडतो. घरात कुणाला ‘बी’ निघाला तर त्याचं ताट वेगळं करू नका. त्याच्या फाइलची काळजी घ्या.

आता लस. ‘बी’ची लस जन्मानंतर चोवीस तासांच्या आत, मग पुढचे डोस. आई एचबीएसएजी पॉझिटिव्ह असेल तर बाळाला शक्यतो बारा तासांच्या आत लसीसोबत इम्युनोग्लोब्युलिनही द्यायचं, आणि आईच्या रक्तात विषाणू खूप असेल तर गरोदरपणातच तिला टेनोफोव्हिर देतात. असं केल्यावर ती बाळाला स्तनपान बिनधास्त देऊ शकते. म्हणून प्रत्येक गरोदर बाईची एचबीएसएजी तपासणी सुरुवातीलाच व्हायला हवी. प्रौढांना तीन डोस: आज, एक महिन्याने, सहा महिन्यांनी. आरोग्यसेवकांनी शेवटच्या डोसनंतर एक-दोन महिन्यांनी अँटि-एचबीएस मोजावं. दहा किंवा त्याहून जास्त आलं की संरक्षण आहे. तैवानने १९८४ मध्ये नवजात बाळांना ही लस द्यायला सुरुवात केली आणि तिथे मुलांमधला यकृताचा कर्करोग घटला. ‘बी’ टळला की ‘डी’ही टळतो. ‘सी’वर अजून लस नाही.

प्रत्येक प्रौढाने आयुष्यात निदान एकदा एचबीएसएजी आणि अँटि-एचसीव्ही तपासून घ्यावं, त्रास असो वा नसो.

आणि ‘सी’तून बऱ्या झालेल्यांसाठी: अँटि-एचसीव्ही पुढेही पॉझिटिव्हच येत राहणार, म्हणून आरएनए निगेटिव्हचा रिपोर्ट कायम जपून ठेवा आणि प्रत्येक शस्त्रक्रियेआधी तो दाखवा. एकदा बरं झाल्याने पुन्हा लागण टळत नाही. उपचाराआधी सिरॉसिस झालेला असेल, तर विषाणू गेल्यावरही दर सहा महिन्यांची सोनोग्राफी चालूच ठेवायची.